बोलिव्हियाच्या सैन्याचे अभिनंदन

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
बुधवार, २६ जून २०२४

प्रिय रेणू,

आज आमच्या ज्येष्ठ मंडळाने एका देशातल्या बंडाला पाठिंबा दिला आणि चहाचे कप विसळून होईपर्यंत ते बंड संपलंसुद्धा. तुला लिहिल्यावाचून राहवेना. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. त्यापेक्षा शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी लावलेली पत्रांची सवय बरी.

दर बुधवारी तीन वाजता क्लबहाऊसमध्ये आमची सभा भरते. जगन्नाथराव अध्यक्ष. बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी विषयपत्रिका छापून आणतात. विषय एक, मागच्या सभेचे इतिवृत्त. दोन, वाढदिवस. तीन, आरोग्य. चार, ठराव. पाच, चहा. चौथा रकाना रिकामा ठेवलेला त्यांना चालत नाही. मागच्या बुधवारी आम्ही आमच्या पोस्टमनच्या निवृत्तीबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, त्याआधी कुणाच्या तरी नातवाला कराटेचा पिवळा पट्टा मिळाला त्याचं अभिनंदन. आज कुणाकडे विषयच नव्हता, आणि ठरावाशिवाय चहा नाही. समोसे गार व्हायला लागले.

इतक्यात सुमंतरावांच्या फोनवर बातमी आली. भिंतीवरचा टीव्ही लावला, तर एक मोठा चौक, बंदुका घेतलेले सैनिक, आणि एक चिलखती गाडी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याच्या दाराला धडका देतेय.

“कुठला देश हा?”

“बोलिव्हिया.”

“आफ्रिकेत ना तो?”

“दक्षिण अमेरिका हो! भूगोल बुडवलात वाटतं.”

“सरकार भ्रष्ट असणार.”

“असणारच. नाहीतर सैन्य कशाला रस्त्यावर येईल?”

“आपल्याकडे दहा वर्षं मिलिटरी आणली असती ना,” जगन्नाथराव म्हणाले, “सगळे सुतासारखे सरळ झाले असते.”

हे वाक्य मी जन्मभर प्रत्येक दिवाणखान्यात ऐकलंय. म्हणणाऱ्याच्या हातात नेहमी बर्फी असते.

आणि तिथल्या तिथे ठराव झाला: ‘बोलिव्हिया देशाच्या शूर सैन्याने भ्रष्टाचाराविरुद्ध टाकलेल्या धाडसी पावलाचे हे मंडळ हार्दिक अभिनंदन करीत आहे.’ टाळ्या झाल्या, समोसे खाल्ले. पावणेसहाला कप पुसताना टीव्हीकडे बघते तर सैनिक परत निघालेले आणि चौकात लोक ओरडतायत, झेंडे नाचवतायत. जगन्नाथरावांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “तपशिलात फरक पडतो. भावना महत्त्वाची.”

मला मात्र हसू येईना. आमच्या ईशानची नोएमी बोलिव्हियाची आहे, अगदी त्याच ला पाझ शहरातली. वीस जुलैला त्यांचा साखरपुडा, आणि त्यासाठी तिची आई चौदाला तिथून येतेय. मी सभेत काय बोलणार? बाकीच्या बायका बसल्या होत्या तशी बसून राहिले.

संध्याकाळी नोएमी ऑफिसातून तडक आमच्याकडे आली. आई सुखरूप होती, पण पोरगी हातातला फोन खाली ठेवेना. मी तिला मऊ भात आणि मेतकूट दिलं. ती म्हणाली, “मम्मा मालिनी, तुम्ही आहात म्हणून बरं.” ठरावाचं मी काही बोलले नाही. कशाला उगाच?

तुझ्या मोरेश्वररावांना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
मालिनी


नोव्हाय, मिशिगन
१ जुलै २०२४

प्रिय मालू,

गुडघा आहे तसाच आहे. घरातला दुसरा आजारी माणूस म्हणजे आमचे कर्नलसाहेब, आणि त्यांचा आजार तुमचं मंडळ.

मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं हसतील. चहा तसाच टाकून उठले. “रेणू,” म्हणाले, “बत्तीस वर्षं नोकरी केली. चौथी नापास मंत्री येणार म्हणून उन्हात चार चार तास उभा राहिलो, सलाम ठोकला. ज्याच्या हातात बंदूक असते ना, त्याने दार वाजवून बाहेर थांबायचं असतं. एवढंच तर काम असतं त्याचं.” मग जगन्नाथरावांना फोन लावला. पुण्यात शेजारी होते ना ते आमचे. पलीकडून ते काय म्हणाले असतील? “कर्नलसाहेब, तुम्ही आर्मीचे असून आर्मीच्या विरोधात? कमाल आहे.” साहेबांनी फोन ठेवला आणि बागेत जाऊन अर्धा तास नळी धरून उभे राहिले. झाडं पोहायला लागली.

बँकेतल्या माणसाला सैन्य हवं आणि सैन्यातल्या माणसाला नको. देवाने आपल्या लोकांना कोणत्या दिवशी घडवलं कोण जाणे.

आता खरं बोल. तुमचा ठराव आमच्या मंडळाच्या ग्रुपवर येऊन पोचलाय. इतिवृत्तासकट. त्यात लिहिलंय: ‘सूचक: श्री. जगन्नाथराव. अनुमोदक: श्रीमती मालिनीताई. सर्वानुमते मंजूर.’

मालिनीताई म्हणजे कोण गं? ‘बसून राहिले’ असं लिहिणारी माझी मैत्रीण, की दुसरी कुणी?

नोएमीने ते पाहिलंय का?

रेणू


कॅरी
५ जुलै २०२४

प्रिय रेणू,

मीच ती. काय सांगू.

जगन्नाथराव म्हणाले, “दर वेळी सूचक पण पुरुष आणि अनुमोदक पण पुरुष, बरं दिसत नाही. मालिनीताई!” आणि मी उठून उभी राहिले. तुला तरी कळेल हे. आपल्याला दहा वर्षं शिकवलंय, नाव पुकारलं की उठायचं. ‘येस, सिस्टर’ म्हणायचीच राहिले होते. उभी राहिले, तोच त्यांनी लिहूनसुद्धा टाकलं. मग ‘मी पाय मोकळे करायला उठले होते’ असं कसं सांगायचं?

नोएमीने पाहिलंय. जगन्नाथरावांच्या नातीने, स्वानंदीने, ठरावाचं इंग्रजी करून मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं. गुढीपाडव्याला आली होती तेव्हा नोएमी हौसेने त्या पानाची सभासद झाली होती. रविवारी तिने फोन माझ्यापुढे धरला. “इथे मालिनी नाव आहे.”

इतिवृत्तात आम्ही आडनावं घालत नाही, घरगुती मंडळ. त्यामुळे माझ्या तोंडून निघून गेलं, “मंडळात दोन मालिनी आहेत.”

ती ‘ओह’ म्हणाली. बराच वेळ हसलीही. मला वाटतं तिने विश्वास ठेवला. ईशानने नाही ठेवला. ती गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “आई, सीरियसली? जगात एवढे देश आहेत, तुला बोलिव्हियाच मिळाला?” मी म्हटलं, तू तिला सांग समजावून. तर म्हणे, “नो वे. तू उभी राहिलीस, तूच सांग.”

सांगायला गेले असते गं. पण त्याच रविवारी जेवताना नोएमीने तिच्या मामाचं सांगितलं. सतरा जुलै एकोणीसशे ऐंशी. त्या दिवशीही तिथे सैन्य आलं होतं, आणि ते परत गेलं नाही. मामा बावीस वर्षांचा, कॉलेजात. दोन माणसं घरी येऊन त्याला घेऊन गेली. एल्सा, म्हणजे नोएमीची आई, तेव्हा सतरा वर्षांची. दार तिनेच उघडलं होतं. तो परत आला नाही, त्याचं काही सापडलंही नाही. परवाच्या सव्वीस जूनला टीव्ही लागला तेव्हा एल्साबाई म्हणे घराचं दार लावून त्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. तीन तास.

मी ताटातली पोळी तशीच ठेवून उठले, म्हटलं कढी उतू जातेय. कढी नव्हतीच त्या दिवशी.

ठराव मागे घ्या म्हणून जगन्नाथरावांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, मंजूर ठराव मागे घ्यायला दुसरा ठराव लागतो. त्याला सूचक हवा, अनुमोदक हवा. पानावरून तरी काढा म्हटलं, तर पान स्वानंदीकडे, आणि स्वानंदी मैत्रिणींबरोबर डोंगरात, जिथे फोन लागत नाही.

रेणू, ईशान छत्तीस वर्षांचा आहे. हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघं एकमेकांना ‘जेवलास का’ आणि ‘औषध घेतलंस का’ एवढंच बोलत होतो. ही मुलगी आली आणि घरात कुणीतरी शीळ घालायला लागलं. ती निघून गेली तर तो मला एका शब्दाने बोलणार नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. साखरपुड्याला पंधरा दिवस आहेत. तोवर गप्प बसले तर काय बिघडेल? नंतर सवडीने सांगेन. तू हुशार आहेस, तूच सांग.

तुझी,
मालू


नोव्हाय
९ जुलै २०२४

मालू,

तू मला विचारलंस काय बिघडेल. मी तुला एक जुनी गोष्ट सांगते. वाचून झाल्यावर फोन करू नकोस.

तुमच्या ठरावाची तारीख बघ. सव्वीस जून. पंचाहत्तर साली याच तारखेला सकाळी रेडिओवर आणीबाणी जाहीर झाली. आपण दहावीत होतो. ऑगस्टमध्ये शाळेने निबंधस्पर्धा ठेवली, ‘शिस्तीचे फायदे’. पहिलं बक्षीस तुला. तू तो प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलास. गाड्या वेळेवर येतात, कचेरीत माणसं जागेवर सापडतात, भिंतींवर घोषणा दिसत नाहीत. तुझा आवाज फार छान होता गं. मी पहिल्या ओळीत उभी होते आणि मी टाळ्या वाजवल्या.

माझे बाबा तेव्हा मुंबईत पाठीच्या ऑपरेशनसाठी गेले होते, असं मी वर्गात सांगितलं होतं. बाबांच्या पाठीला काही झालेलं नव्हतं. ते शिक्षकांच्या संघटनेत होते. जुलैच्या शेवटी पहाटे त्यांना घरातून नेलं. नागपूरच्याच तुरुंगात होते, आपल्या शाळेपासून सायकलने वीस मिनिटांवर. एकोणीस महिने.

तुझ्या आईने आजारी माणसासाठी डिंकाचे लाडू पाठवले होते, आठवतं? डबाभर. ते आम्ही तुरुंगात नेले. बाबांनी बराकीत वाटून खाल्ले आणि निरोप दिला, मालूच्या आईला सांग, फार चांगले झाले होते. मी तो निरोप कधी दिला नाही. तो देता आला नसता.

मी तुला का सांगितलं नाही? आई म्हणाली होती, शाळेत कळलं तर फी-माफी जाईल. ते एक. दुसरं असं, की मला वाटायचं तू विचारशील. एकोणीस महिन्यांचं ऑपरेशन, मालू! तू गणितात माझ्यापेक्षा हुशार होतीस.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. रागावले असते तर एकोणपन्नास वर्षं पत्रं लिहिली नसती. पण त्या दिवशीच्या टाळ्या अजून माझ्या तळव्यांत आहेत. तुझ्या नोएमीला तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावू नकोस. साखरपुडा झाल्यावर सांगितलंस तर ती म्हणेल, अंगठी घालताना हिला माहीत होतं.

तिची आई विमानातून उतरायच्या आत सांग.

रेणू


कॅरी
२५ जुलै २०२४

प्रिय रेणू,

तू फोन करू नकोस म्हणालीस म्हणून केला नाही. पत्रही लवकर लिहिता आलं नाही. आधी तुझं.

बाबांना किती दिवसांनी भेटू द्यायचे? तू जायचीस का आईबरोबर? गणवेश घालूनच जायचीस का? सुटून आल्यावर ते मला एकदा धंतोलीत भेटले होते, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “वाचतेस ना भरपूर?” त्यांना माहीत होतं का, निबंध कुणी लिहिला होता? हे सगळं मी तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारतेय. तू सवडीने सांग, किंवा सांगू नकोस. आणि तो निरोप मी आईच्या फोटोपुढे मोठ्याने म्हणून दाखवला. ईशानला वाटलं मी फोनवर बोलतेय.

आता इकडचं. तुझं पत्र तेरा तारखेला, शनिवारी आलं. रविवारी आम्ही तिघं विमानतळावर निघालो. ईशान ड्राइव्ह करत होता. मी मागच्या सीटवरून म्हटलं, “नोएमी, मंडळात एकच मालिनी आहे.”

ती वळली नाही. समोर बघत म्हणाली, “मला माहीत आहे. तुमच्या फ्रीजवर सभासदांची यादी लावलेली आहे.”

दोन आठवडे, रेणू! दोन आठवडे ती माझ्या हातचं जेवत होती आणि वाट बघत होती. मी तुला लिहिलं होतं तेच तिला सांगायला लागले, शाळेची सवय, नाव पुकारलं, उठले. बोलता बोलता मलाच कंटाळा आला. म्हटलं, “नाही. सवयीने नाही उठले. मला ते बघायला आवडलं होतं. गाडी दार ढकलत होती आणि मला वाटलं, चला, आता कुणीतरी सगळं नीट लावेल. नाव पुकारलं नसतं तरी मी टाळ्या वाजवल्याच असत्या.” हे मी तुलासुद्धा लिहिलं नव्हतं. ईशानने आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि एक एक्झिट चुकला.

पार्किंगमध्ये नोएमी म्हणाली, “मम्माला तुम्ही सांगायचं. मी फक्त भाषांतर करीन. तुमच्यासाठी ते सौम्य करणार नाही.”

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सांगितलं. एल्साबाई बुटक्या, पांढऱ्या वेण्या, चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या. मी एक वाक्य बोलायचे, नोएमी एकेक शब्द तोलून स्पॅनिशमध्ये सांगायची. माझं पाच मिनिटांचं बोलणं अर्धा तास चाललं. शेवटी एल्साबाईंनी एकच प्रश्न विचारला, “त्या दिवशी मी जिवंत आहे की नाही, हे तुम्हाला कधी आठवलं? उभं राहायच्या आधी की नंतर?”

मी म्हटलं, “नंतर.”

त्यांनी मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवावी तशी. मग म्हणाल्या, “ऐंशी साली आमच्या शेजारणीने खिडकीतून सैनिकांवर फुलं टाकली होती. पुढे माझ्या बाळंतपणात तीच धावून आली, नोएमीला तिनेच पहिली आंघोळ घातली. चांगली बाई आहे. अजून रोज आमचं येणंजाणं आहे. फक्त मी तिच्याकडे पाठ करून कधी बसत नाही.”

बुधवारी सतरा जुलै होता. मी म्हटलं, मी सभेला जाऊन ठराव मागे घ्यायचं सुचवणार आहे. एल्साबाई म्हणाल्या, “मीही येते. मला ती माणसं बघायची आहेत.”

आणि आमच्या माणसांनी काय करावं? परदेशी पाहुणी आलेली पाहून जगन्नाथरावांना भरून आलं. शाल आणि नारळ देऊन सत्कार केला! ‘बोलिव्हिया आणि भारत यांचे जिव्हाळ्याचे संबंध’ यावर पाच मिनिटं बोलले. एल्साबाई पुढची सगळी सभा मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या.

विषय क्रमांक चार आला. मी उठले. या वेळी कुणी नाव पुकारलं नव्हतं. म्हटलं, सव्वीस जूनचा ठराव चुकीचा होता, तो मागे घ्यावा.

जगन्नाथराव म्हणाले, “ताई, मंडळाच्या घटनेप्रमाणे एक महिन्याची नोटीस लागते. घटना मोडून कसं चालेल?”

“आपल्या घटनेवर तुमची एवढी निष्ठा,” मी म्हटलं, “मग त्या देशाच्या घटनेने तुमचं काय घोडं मारलं होतं हो?”

सुमंतराव खोकले. प्रीता, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, “बरोबर आहे तसं.” जगन्नाथरावांनी विचारलं, “मग तुम्ही अनुमोदन देता का, प्रीताताई?” तर तिने पर्समध्ये रुमाल शोधायला घेतला. अनुमोदक मिळाला नाही. ठराव नामंजूर. चहा झाला. तेव्हा बोलिव्हियाच्या शूर सैन्याचं अभिनंदन आमच्या दप्तरात जसंच्या तसं उभं आहे. मोरेश्वररावांना हे सांगताना झाडांना जपा म्हणावं.

मी मंडळाचा राजीनामा दिला आहे. तो स्वीकारायलाही ठराव लागतो म्हणे.

परतताना मी विचारलं, काय वाटलं ती माणसं बघून? एल्साबाईंनी फोनमध्ये काहीतरी म्हटलं आणि फोन इंग्रजीत बोलला, “म्हातारी, प्रेमळ माणसं आहेत. तिकडेही तशीच होती.”

साखरपुडा वीस तारखेला झाला, रेणू. ठरल्याप्रमाणे. नोएमीने तू पाठवलेल्या साडीचा हिरवा रंग फार वाखाणला. ती आता मला ‘मम्मा मालिनी’ म्हणत नाही, नुसतं ‘मालिनी’ म्हणते. जेवायला मात्र येते, आणि काल तिने भाताबरोबर मेतकूट स्वतःहून मागून घेतलं. ईशान शीळ घालतो, पण मी खोलीत आले की थोडा थांबतो, मग पुन्हा सुरू करतो. चालेल मला. मला याहून कमी मिळायला हवं होतं.

फोटो पाठवते आहे, अकरा आहेत. विहीणबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत आहेत. फोटोग्राफर सारखा सांगत होता, “मॅडम, इकडे बघा, कॅमेऱ्याकडे,” पण त्या काही बघायला तयार नव्हत्या. अकराच्या अकरा फोटोंत त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या आहेत, डोळे माझ्यावर. मंडळातल्या बायका फोटो बघून म्हणाल्या, “अगंबाई, किती प्रेमाने बघतायत तुमच्याकडे!”

मी हो म्हटलं.

तुझी,
मालू